काठावरचं सोनेरी नाव

तुमच्या घरात आजोबांची एखादी जुनी पत्र्याची पेटी आहे का? असेल तर तिच्या तळाशी, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राखाली, एखादं न शिवलेलं कापड सापडण्याची बरीच शक्यता आहे. घडी न मोडलेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं. त्याची घडी हळूच उलगडा आणि काठ बघा. काठावर सोनेरी अक्षरांत एक नाव छापलेलं असेल.

भद्रावतीला माझ्या ताईकडे दिवाळीच्या आवरासावरीत अशीच एक पेटी उघडली. आत राखाडी रंगाचा सूटपीस निघाला. ताईचे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणतो, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले त्या वेळचा. "चांगल्या प्रसंगाला शिवू," म्हणून त्यांनी तो ठेवून दिला आणि तो चांगला प्रसंग काही येईना! आता डिसेंबरात घरात लग्न होतं. आबाजींनी तो पीस माझ्या नववीतल्या भाच्याच्या हातात दिला. म्हणाले, "याचा कोट शिवून घे लग्नात."

भाचेबुवांनी पीस उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पण आबाजी, हा ब्रँड कोणता?"

आबाजींनी काठावरचं नाव दाखवलं.

"हे तर कधी ऐकलंच नाही. माझे मित्र हसतील."

आबाजी काही बोलले नाहीत. त्यांनी पीस परत घेतला आणि होता तसाच घडी करायला लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाच कसंसं झालं. भाच्याचंही अगदी चुकलं असं नाही. त्याच्या जन्माआधीच ती गिरणी बंद पडली होती, त्याने नाव ऐकणार तरी कुठून? पण आबाजींच्या तरुणपणी हे नाव घेतलं की दुकानदार उभा राहून गठ्ठा उलगडायचा. म्हणून म्हटलं, या नावांचं पुढे काय झालं ते जरा शोधू या. त्यांची जादू अजून उरली आहे का?

शर्टाला नाव नव्हतं, कापडाला होतं

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आज आपण ब्रँड म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तयार शर्ट येतो. आबाजींच्या वेळी ब्रँड म्हणजे कापडाची गिरणी. माणूस दुकानात जायचा, पँटीला सव्वा मीटर कापड फाडून घ्यायचा आणि शिंप्याकडे टाकायचा. नाव फक्त काठावर. शिंप्याने काठ कापला की नावही गेलं! मग जगाला कळायचं कसं? ज्याला कळायचं त्याला कापडाच्या पोतावरून कळायचं. पँटीची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकली का, गुडघ्यावर फुगा आला का, यावरून लोक ओळखत. काही हौशी मंडळी मात्र शिंप्याला सांगून तो नावाचा काठ खिशाच्या आतल्या बाजूला लावून घेत. रुमाल काढताना कुणाला दिसला तर दिसला!

या नावांच्याही गमती आहेत, बरं का. 'दिग्जाम' हा काही शब्द नाही. जामनगरच्या दिग्विजय वूलन मिलमधला 'दिग्' आणि जामनगरमधला 'जाम', झालं दिग्जाम. अमृतसरची 'ओसीएम' म्हणजे ओरिएंटल कार्पेट मॅन्युफॅक्चरर्स. नावात गालिचे, आणि विकायची सुटाचं कापड! 'विमल' हे धीरूभाई अंबानींच्या पुतण्याचं नाव. १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला त्यांनी गिरणी काढली आणि कापडाला ते नाव दिलं. आणि 'रेमंड' हे नाव ऐकून ती विलायती कंपनी वाटते ना? तिची गिरणी होती आपल्या ठाण्याला, १९२५ पासून.

जाहिराती कोण करायचं ते ऐका. बडोद्याच्या 'दिनेश' सूटिंगचा सूट घालून सुनील गावस्कर ऐटीत उभे असायचे. हेच गावस्कर १९८७ च्या रिलायन्स कपमध्ये नागपूरला आले, ३१ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०३ काढून गेले. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. 'ग्वालियर' सूटिंगच्या जाहिरातीत टायगर पतौडी, 'दिग्जाम'मध्ये शेखर कपूर, 'विमल'मध्ये वेस्ट इंडीजचा व्हिव्हियन रिचर्ड्स. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांच्यासाठी रेडिओवर अमीन सायानींच्या आवाजात 'एस. कुमार्स का फिल्मी मुकद्दमा'. लहान गावातल्या माणसालासुद्धा ही नावं पाठ होती ती अशी.

भद्रावती तर नुसतं लहान गाव नव्हतंच. भद्रनागाचं देऊळ, विजासनची लेणी, जैन मंदिर हे सगळं जुनं. पण ऑर्डनन्स फॅक्टरी आली, कोळशाच्या खाणी आल्या आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारी माणसं देशभरातून इथे राहायला आली. (स्टेशनच्या पाटीवर मात्र 'भांदक' हे जुनं नाव टिकून आहे.) हातात पगार आला की माणूस आधी पोरांची फी भरतो, मग सायकल घेतो, आणि मग एक बऱ्यापैकी पँट शिवतो. चांगलं कापड हवं असेल तर लोक चंद्रपूर गाठायचे. घरात लग्न असलं की थेट सव्वाशे किलोमीटरवर नागपूरच्या इतवारीत.

आणि आहेर! लग्नात व्याह्याला पँटपीस-शर्टपीसचा जोड द्यायचा म्हणजे काठावर नाव हवंच. नाव नसलेला पीस दिला तर वर्षभर टोमणे. यातली खरी गंमत अशी की हे पीस शिवले फार थोडे जायचे. एका लग्नात आलेला पीस दुसऱ्या लग्नात जायचा, तिथून तिसऱ्या. फिरत फिरत तो पुन्हा मूळच्या घरी आल्याचे किस्से तुम्हाला कुठल्याही आजीकडून ऐकायला मिळतील.

पंचेचाळीस अंशांत टेरिकॉट

मात्र या नावांच्या प्रेमात लोक कधीकधी आंधळेही व्हायचे. १९७०-८० च्या काळात टेरिलीन आणि टेरिकॉटचं वेड होतं. टेरिकॉट म्हणजे साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत. धुतलं की पटकन वाळतं, चुरगळत नाही, इस्त्रीचा खर्च वाचतो. आईला हायसं, वडिलांना हायसं. पण आपला चंद्रपूर जिल्हा कसा? मे महिन्यात पारा ४५ च्या वर! शंभर ग्रॅम सुती कापड हवेतली सात-आठ ग्रॅम ओल धरून ठेवू शकतं. तेवढंच पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणजे घाम टिपणार कोण? पाठीवरून नुसत्या धारा. तरी वरात निघाली की नवरदेव टेरिकॉटच्या शर्टावर सूट घालून घोड्यावर! आणि ज्या कापसाच्या प्रदेशात आपण राहतो, त्या कापसाचा साधा सदरा घालणारा माणूस मागासलेला ठरायचा.

कापसावरून आठवलं. नागपूरला जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला कापडाची गिरणी सुरू केली. त्याच दिवशी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. मुंबई सोडून नागपूरच का? कारण कापूस इथेच पिकतो, वाहून न्यायला नको. पुढे शंभरावर वर्षं ती चालली. आता ती बंद आहे आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. जिथे कापड विणलं जायचं तिथे दुसरीकडून शिवून आलेले शर्ट टांगले गेले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. हे सांगितल्याशिवाय काठावरच्या नावांची गोष्ट पुरी होत नाही, कारण नाव छापणारी माणसंच घरी बसली.

दुसरीकडे तयार कपडे आले. १९८९ मध्ये 'लुई फिलिप', १९९० मध्ये 'व्हॅन ह्यूसेन', १९९३ मध्ये 'अ‍ॅलन सॉली' आणि 'अ‍ॅरो', १९९७ मध्ये 'पीटर इंग्लंड'. सगळी नावं साहेबी. लुई फिलिप तर फ्रान्सचा राजा होता! पण हे शर्ट शिवले जात होते भारतातच. अ‍ॅरो सोडून बाकीचे चार तर आज एकाच बिर्ला समूहाकडे आहेत. दुकानात ती चार वेगवेगळी घराणी असल्यासारखी ऐटीत मांडलेली असतात, ही मला फार मजेची गोष्ट वाटते.

शिंप्यांची आठवण ठेवली ती एकाच माणसाळलेल्या युक्तीने. १९९५ मध्ये अरविंद मिलने 'रफ अँड टफ' जीन्स काढली, पण शिवलेली नव्हे! पाकिटात डेनिमचं कापड, चेन, बटणं, तांब्याचे रिव्हेट आणि मागे लावायचा चामडी बिल्ला. किंमत १९५ रुपये. ते पाकीट घेऊन गावातल्या शिंप्याकडे जायचं आणि आपल्या मापाची जीन्स शिवून घ्यायची. जाहिरातीत होता अक्षय कुमार. आजच्या तयार जीन्सच्या युगात ही गोष्ट सांगितली की मुलांना खोटी वाटते.

मगर आणि गळणारा रंग

आता भाचेबुवांकडे वळू. "मग तुला कोणता ब्रँड हवा?" मी विचारलं. त्याने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. निळा टी-शर्ट, पांढरी कॉलर, आणि डाव्या बाजूला हिरवी मगर. अमेरिकेतली मुलं असले कपडे घालतात म्हणे.

त्याचं म्हणणं खरं आहे. या पेहरावाला तिकडे 'प्रेपी' म्हणतात. महागड्या खासगी शाळांतली, कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या 'प्रेपरेटरी' शाळांतली मुलं जे घालत ते. म्हणजे काय, तर शाळेचा ब्लेझर, पट्ट्यापट्ट्यांचा टाय, बटणवाली कॉलर, कॉलरचा टी-शर्ट. थोडक्यात गणवेशच! तुम्ही शाळा सुटल्यावर जो पहिल्यांदा अंगावरून काढून फेकता, तसल्याच कपड्यांची तिकडे फॅशन झाली.

मगर आली रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूकडून. मगरीच्या कातडीच्या बॅगेवरून त्याची कुणाशी तरी पैज लागली होती, तेव्हापासून वर्तमानपत्रवाले त्याला 'मगर' म्हणू लागले. मित्राने चित्र काढून दिलं, ते त्याने कोटावर भरून घेतलं. त्या वेळी टेनिस खेळतानासुद्धा लांब बाह्यांचे कडक शर्ट घालत. याने आखूड बाह्यांचा, विणलेल्या सुती कापडाचा शर्ट वापरला आणि १९३३ मध्ये तसे शर्ट विकायला काढले. घाम टिपणारा शर्ट खेळाडूला हवा होता, मगर नंतरची. पुढे सिंगापूरच्या एका कंपनीनेही मगरच घेतली. लाकोस्तच्या मगरीचं तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडे, तर सिंगापूरवाल्यांच्या मगरीचं डावीकडे. या दोन मगरींची भांडणं देशोदेशीच्या कोर्टांत वर्षानुवर्षं चालली, आपल्या दिल्लीतही.

भाच्याच्या मगरीचं तोंड कुठे होतं? सरळ समोर! बाजारातून दीडशे रुपयांत आणलेली तिसरीच जात होती ती.

या प्रेपी कपड्यांतलं एक कापड तर आपल्याच देशातलं आहे. मद्रासच्या चौकड्या. १९५८ मध्ये कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांनी हातमागावरचं, वनस्पतींच्या रंगात रंगवलेलं हे कापड अमेरिकेत पाठवलं. ते गेलं न्यूयॉर्कच्या 'ब्रुक्स ब्रदर्स' या १८१८ पासूनच्या दुकानात. लोकांनी कपडे मशीनमध्ये धुतले आणि सगळे रंग गळून एकमेकांत मिसळले. तक्रारींचा पाऊस! तेव्हा, गोष्ट सांगतात ती अशी, की डोकेबाज मंडळींनी जाहिरात केली, 'हे कापड रंग सोडणारच, तीच त्याची खुबी. प्रत्येक धुण्यानंतर नवा शर्ट!' आणि लोकांनी तो उड्या मारून घेतला. हेच नायर पुढे 'लीला' हॉटेलांचे मालक झाले. जे ऐकून आपली आई दुकानदाराच्या अंगावर कापड फेकेल, ते नावाच्या जोरावर खपलं. त्याच ब्रुक्स ब्रदर्सने २०२० मध्ये दिवाळं जाहीर केलं. नवे मालक आले, दुकान चालू आहे. पण दोनशे वर्षांचं नावही माणसाला दुकानात ओढून आणेलच असं नाही, हे दिसलंच.

दुसऱ्या दिवशी मी आबाजींचा पीस आणि भाचा, दोघांनाही घेऊन गावातल्या शिंपीकाकांकडे गेलो. काकांनी पीस हातात घेतला, अंगठ्याने कोपरा चोळला आणि मूठ आवळून सोडली. सुरकुती आपोआप मिटली.

"असा माल आता पाह्यला मिळत नाही," काका म्हणाले. "काहून म्हनसान त शिवाले येतेच कोन? आहेराचे पीस येते, तेबी दिवाळीनंतर. शिलाईच्या पैशात बजारात तयार शर्ट भेटते ना बाप्पा!"

मी विचारलं, अजून कुणी नाव घेऊन कापड मागतं का? ते म्हणाले, म्हातारी मंडळी मागतात, आणि नवरदेवाचा बाप मागतो. जवान पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, असं शिवा.

मला वाटतं, उत्तर इथेच आहे. त्या नावांचं कापड वाईट निघालं म्हणून त्यांची जादू ओसरली असं नाही. शिवून घेण्याची सवय गेली, म्हणून काठ दिसेनासा झाला. आणि ज्यांनी हे वेळीच ओळखलं ती नावं टिकली. रेमंडने १९८६ मध्येच 'पार्क अ‍ॅव्हेन्यू' नावाने तयार कपडे काढले. ठाण्याची गिरणी बंद झाली, त्या जमिनीवर घरांच्या इमारती उठल्या. पण त्यांचं सुटाचं कापड जळगावला आणि छिंदवाड्याच्या रस्त्यावर बोरगावला विणलं जातं, डेनिम आपल्या शेजारच्या यवतमाळला. ओसीएम आणि ग्रासिम ही दोन्ही नावं आता डोनियर समूहाकडे आहेत. दिग्जाम दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून जाऊन नव्या मालकांकडे गेली. आणि मफतलाल? ते तर तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर आत्ता असेल, कारण शाळेच्या गणवेशांचं कापड हा त्यांचा मोठा धंदा आहे. नाव कॉलरवर नसतं म्हणून तुम्हाला ठाऊक नाही इतकंच.

भाचा अजून गप्प होता. काकांनी त्याच्या टी-शर्टाच्या खालच्या शिवणीतून लोंबणारा एक दोरा ओढला, आणि एक आबाजींच्या पिसाचा. दोन्ही चिमट्यात धरून काडीने पेटवले. टी-शर्टाचा दोरा वितळला आणि त्याचा काळा कडक मणी झाला, म्हणजे पॉलिएस्टर. पिसाच्या दोऱ्याला जळलेल्या केसांचा वास आला. लोकर! सूत असतं तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख. (हा प्रयोग मोठ्यांसमोरच करायचा, आणि अंगातल्या कपड्यावर तर मुळीच नाही.)

"म्हणजे माझी मगर प्लॅस्टिकची आणि आबाजींची मेंढी खरी," भाचा म्हणाला. काका खो खो हसले.

पण मग त्यांनी पीस पुरा उलगडला आणि ते हसायचे थांबले. मधल्या घडीवर चार-पाच भोकं होती. कसर! लोकर हे कसरीचं खाद्य. डांबरगोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या आणि नव्या टाकायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं चांगल्या प्रसंगासाठी जपलेलं कापड आतून खाल्लं जात होतं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. "आबाजींना सांगायचं?"

काकांनी खडू घेतला, भोकांभोवती गोल काढले, पट्टी फिरवली, पुन्हा पुसलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. "कोट नाही निघत," ते शेवटी म्हणाले. "बिनबाह्यांचं जॅकेट निघते. याच्या मापाचं. जमलं त उरलेल्यात आबाजीची टोपीबी काढतो."

संध्याकाळी भाच्याने स्वतःच आबाजींना सगळं सांगितलं, भोकांसकट. आबाजी म्हणाले, "कसरीला तरी ब्रँड कळला!" आणि मग म्हणाले, टोपी नको, त्या कापडात तुझ्या जॅकेटाला आतून एक खिसा जास्त लावून घे.

जॅकेट तयार झालं ते मी लग्नात पाहिलं. काकांनी तो सोनेरी काठ कापून आतल्या खिशाच्या तोंडाशी लावला होता. भाचेबुवा जेवणाच्या पंगतीत दर दहा मिनिटांनी रुमाल काढत होते.